पऱ्हाटीच्या वावरावरून सरकणारी सावली : संगणकीय दृश्यातील ऊन आणि ढग यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, कृषी सेवा केंद्राच्या वरच्या माळ्यावर, तीन जणांचा एक छोटा ॲनिमेशन स्टुडिओ आहे. लग्नाच्या आमंत्रणाचे व्हिडिओ, प्लॉटच्या जाहिराती आणि शिकवणी वर्गांची चलचित्रे हे त्यांचे नेहमीचे काम. परिसरातील एका शेतकरी उत्पादक कंपनीने त्यांना सहा मिनिटांचा एक लघुपट करायला सांगितला. माथा ते पायथा बांधबंदिस्ती, नाल्याचे खोलीकरण आणि एक सामाईक शेततळे झाल्यास शिवारातले पाणी कसे अडेल, हे त्यात गावाला दाखवायचे होते. यातले काहीच प्रत्यक्षात झालेले नसल्याने कॅमेऱ्याने टिपण्यासारखे काही नव्हते. सगळे शिवार संगणकातच उभे करावे लागणार होते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत लघुपट दाखवायचा, हे आधीच ठरलेले होते.

पटकथेतील मधला भाग पावसाच्या उघडीपीचा होता. ऑगस्टचा पहिला आठवडा, दुपारी चारचा सुमार. पंधरा दिवस पाऊस नाही, पऱ्हाटीने (कपाशीच्या झाडांनी) माना टाकलेल्या, आभाळात ढग येतात, वावरावरून त्यांची सावली सरकत जाते, माणसे वर पाहतात आणि पुन्हा कडक ऊन पडते. त्यानंतर शेततळ्यातून संरक्षित ओलीत, म्हणजे पीक वाचवण्यापुरते पाणी, दिले जाते. म्हणजे येथे ढगाची सावली शोभेसाठी नव्हती, कथेचा सगळा भार तिच्यावर होता. अशी एकूण ११ दृश्ये होती आणि ती सरासरी दहा सेकंदांची होती. सेकंदाला २५ फ्रेम (स्थिर चित्रे) या हिशेबाने त्यांच्या साधारण २,७५० फ्रेम होत होत्या.

काम ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरू होते आणि रेंडर, म्हणजे उभारलेल्या दृश्याचे संगणकाने हिशेब करून काढलेले चित्र, त्यातल्या सायकल्स या इंजिनावर होत असे. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक एकच होता. पऱ्हाटीची पाने, तुरीच्या ओळी, धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, गवत आणि एक मोठा कडुनिंब मिळून एका फ्रेमला सुमारे सात मिनिटे लागत. २,७५० फ्रेमना सात मिनिटांनी गुणले की ३२० तास होतात, म्हणजे एकही खंड न पडता तेरा दिवसांहून अधिक. पुढचे सगळे निर्णय या एका गुणाकाराने ठरवले, म्हणून तो येथे आधीच मांडला आहे. मी या कामात जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलो. माझ्याकडे फक्त उजेडाची बाजू होती.

अडचण

पहिला कच्चा संच उत्पादक कंपनीच्या काही सभासदांना संगणकावरच दाखवण्यात आला. बांध, नाला, पाण्याचा प्रवाह यांवर फारशी हरकत आली नाही. उघडीपीचे दृश्य सुरू झाल्यावर मात्र सत्तरीतले एक शेतकरी खुर्ची पुढे ओढून स्क्रीनजवळ गेले, पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “बापू, आभाळ आलं का पऱ्हाटीची सावली मरते. तुह्या पिक्चरात ते मेलीच नाई.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दृश्य भर उन्हातले रेंडर केले होते आणि नंतर संपादनाच्या वेळी त्यावर एक मऊ काळा डाग सरकवला होता. डागाखाली चित्र काळवंडत होते, पण प्रत्येक झाडाच्या बुडाशी उन्हातली रेखीव सावली जशीच्या तशी पडलेली होती. प्रत्यक्षात ढग सूर्याच्या आड आला की थेट ऊन थांबते. उरतो तो आकाशातून चहूबाजूंनी येणारा पसरट उजेड, आणि त्या उजेडात झाडाला धारदार सावली नसते. ढगाची सावली दाखवायची तर चित्रातून सूर्य काढून घ्यावा लागतो आणि आकाश तसेच ठेवावे लागते. वर काळा रंग ओतून ते साधत नाही. ही गोष्ट आम्हा तंत्रज्ञांच्या आधी त्यांच्या लक्षात आली, कारण वावरात डोके वर न करताही ढग आल्याचे त्यांना याच खुणेवरून कळते.

मग बाकीचेही बोलू लागले. एकाने सांगितले की सावली मोटारसायकलसारखी पळते आहे. मोजून पाहिले तर २४० मीटरचे वावर तिने तीन सेकंदांत ओलांडले होते, म्हणजे ताशी जवळपास २९० किलोमीटर. ही मोटारसायकल नव्हती, विमान होते. दुसऱ्याची हरकत उन्हाच्या दिशेवर होती. चित्रातल्या गोठ्याची उत्तरेकडची भिंत सावलीत होती, आणि त्याच्या घरची तशीच भिंत “या दिवसांत दुपारून ऊन खाते.”

ही शेवटची हरकत मला आधी किरकोळ वाटली होती. तपासल्यावर तीच सर्वांत मूलभूत निघाली.

सूर्य आधी जागेवर

उजेडाच्या कामात ढगाकडे वळण्यापूर्वी सूर्य नीट बसवावा लागतो, कारण ढगाच्या सावलीची दिशा, लांबी आणि काठाचा मऊपणा हे सगळे सूर्याच्या दिशेवर आणि उंचीवर ठरते. स्टुडिओतल्या मुलाने सूर्य नैर्ऋत्येला ठेवला होता, कारण तेथून पानांच्या कडा छान उजळत होत्या. भारतात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, हे शाळेतले वाक्यही त्याच्या मनात होतेच. विदर्भासाठी ते वाक्य वर्षभर खरे नसते. यवतमाळचा अक्षांश सुमारे २०.४ अंश उत्तर आहे. मेच्या शेवटच्या दहा दिवसांत एकदा आणि जुलैच्या २१-२२ तारखेच्या आसपास एकदा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो. तेच शून्य सावलीचे दिवस. या दोन तारखांच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. ऑगस्टच्या सुरुवातीला तो माध्यान्ही दक्षिणेला सरकलेला असला, तरी उगवतो आणि मावळतो अजूनही उत्तरेकडे कललेलाच.

५ ऑगस्ट, दुपारी चार वाजता यवतमाळच्या परिसरात सूर्याची उंची क्षितिजापासून सुमारे ३९ अंश असते आणि दिशा पश्चिमेपासून सहाएक अंश उत्तरेकडे. म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर तिरपे का होईना, ऊन पडतेच. भिंतीविषयीची हरकत बरोबर होती.

जागा, तारीख आणि वेळ दिल्यावर सूर्य आपोआप बसवणारे सन पोझिशन हे ॲड-ऑन ब्लेंडरसाठी उपलब्ध आहे. ते वापरतानाही एक चूक झाली. प्रमाणवेळेच्या रकान्यात ५.५ ऐवजी ५ भरले गेले आणि सूर्य अर्धा तास पुढे गेला. उंची ३९ अंशांवरून ३२ अंशांवर आली आणि सावल्या जवळजवळ एकतृतीयांशाने लांबल्या. गाव नकाशावरची उत्तर आणि दृश्यातली उत्तर एकच आहे ना, हेही याच टप्प्यावर पाहून घेतले.

आणखी एक दोष सहज दिसला नाही. आकाशासाठी निशिता पद्धतीचे टेक्स्चर लावले होते. जपानी संशोधक तोमोयुकी निशिता यांच्या कामावर आधारलेले हे आकाश ब्लेंडरमध्ये २०२० साली, २.९० या आवृत्तीत आले. वातावरणातील हवा, धूळ आणि ओझोन यांचे प्रमाण देऊन त्यात आकाशाचा रंग मिळवता येतो. पण त्यात सूर्याची तबकडीही असते आणि ती सुरूच राहिली होती. शिवाय वेगळा सूर्य-लॅम्प लावलेला होता. दृश्यात दोन सूर्य होते. ते अगदी एका रेषेत नसल्याने खांबाच्या सावलीला पुसटशी जोडसावली येत होती. तबकडी बंद केली आणि सूर्याचे सगळे काम लॅम्पकडे सोपवले. हा साधा वाटणारा निर्णय पुढे फार उपयोगी पडला. सूर्य आणि आकाश वेगळे करायचे असतील तर सूर्य आकाशाच्या टेक्स्चरमध्ये अडकलेला असून चालत नाही.

समोर असलेले पर्याय

खरे ढग उभे करावेत, म्हणजे घनरूप बाष्पाचे ढग आभाळात ठेवून त्यांचीच सावली खाली पडू द्यावी, हा पहिला विचार होता. चाचणीसाठी एकच ढग ठेवला, तर सात मिनिटांची फ्रेम पाऊण तासावर गेली. तो पर्याय तिथेच संपला.

तयार मिळणारे आकाशाचे गोलाकार छायाचित्र वापरण्याची सूचना आली. त्यात सूर्य आणि ढग एका क्षणी गोठलेले असतात, सावली सरकत नाही. शिवाय सहज मिळणारी बहुतेक छायाचित्रे युरोपातली होती, आणि तिकडचा कललेला सूर्य व फिकट निळे आकाश आमच्या श्रावणाला शोभत नव्हते.

तिसरा पर्याय पडद्याचा होता. सूर्य आणि जमीन यांच्या मध्ये एक मोठा सपाट पत्रा ठेवायचा, त्यावर ढगांच्या आकाराची जाळी काढायची, तो कॅमेऱ्याला दिसू द्यायचा नाही, फक्त त्याची सावली पडू द्यायची. नाटकाच्या रंगमंचावर दिव्यापुढे नक्षी कापलेली पट्टी लावतात, त्यातलाच हा प्रकार. येथे आम्ही तीन दिवस घालवले. त्या तीन दिवसांत दोन चुका झाल्या आणि त्या दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पडदा सोयीसाठी जमिनीपासून ६० मीटर उंचीवर ठेवला होता. सावलीचा काठ इतका कडक आला की वावरावर कोणी ताडपत्री धरल्यासारखे वाटत होते. कारण भूमितीतले आहे. सूर्य बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी सुमारे ०.५३ अंश रुंद दिसते. त्यामुळे सावलीच्या काठाचा पुसटपणा अडथळ्याच्या अंतराच्या साधारण एकशेआठाव्या भागाइतका असतो. उन्हाच्या ३९ अंशांच्या तिरपेपणात ६० मीटर उंचीचा पडदा किरणांच्या वाटेने ९५ मीटर दूर असतो, म्हणून काठ मीटरभरही मऊ होत नाही. खरा ढग हजार मीटरवर धरला तर किरणांच्या वाटेने अंतर जवळजवळ १,६०० मीटर होते. मग काठ १५ मीटर रुंद येतो आणि उन्हाच्या दिशेने जमिनीवर तो २३-२४ मीटरपर्यंत पसरतो. ढगाची कड स्वतःच विरळ असते, त्याची भर वेगळी.

हे न कळल्याने स्टुडिओतल्या मुलाने सरळ सूर्याचा आकार वाढवला. अर्ध्या अंशाऐवजी आठ अंश. ढगाचा काठ १३ मीटर मऊ झाला आणि सगळ्यांना आनंद झाला. तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला. पाऊण मीटर उंच पऱ्हाटीच्या शेंड्याची सावली, जी सेंटिमीटरभर पुसट असायला हवी, ती आता १७ सेंटिमीटर पुसट झाली होती. जमिनीवरची पानांची नक्षी विरघळून गेली. ढग नसलेल्या जागीही ऊन धुक्यातून आल्यासारखे दिसू लागले. सूर्य मोठा करून ढग मऊ करणे ही वाट त्या दिवशी कायमची बंद केली. काठ मऊ करायचा तो पडद्यावरच्या नक्षीतच करायचा, असे ठरले.

दुसरी चूक अधिक आतली होती. काठ नीट झाल्यावरही सावली फार काळी येत होती. पडदा सूर्याला अडवत होता तसाच डोक्यावरच्या आकाशालाही अडवत होता. त्याच्याखाली जमिनीला ना ऊन मिळत होते ना आकाशाचा निळसर उजेड. भर उन्हात साधारण एक लाख लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो आणि ढगाच्या सावलीत दहा ते वीस हजार. म्हणजे सावलीतही बराच उजेड उरतो आणि तो आकाशाकडून येत असल्याने थोडा थंड रंगाचा असतो. आमच्या चित्रात तो नव्हता. पडद्यात अनेक सुधारणा करून हे जमवता आले असते. पण प्रत्येक सुधारणेनंतर, आणि ढगाचा वेग किंवा आकार बदलण्याच्या प्रत्येक मागणीनंतर, सात मिनिटांची फ्रेम पुन्हा रेंडर करावी लागली असती. ३२० तासांचा हिशेब येथे आडवा आला.

उरला तो शेवटचा पर्याय. सूर्य आणि आकाश यांचा उजेड एकाच रेंडरमध्ये, पण दोन वेगळ्या थरांत साठवायचा. ढगांचा मास्क, म्हणजे कोठे ऊन आणि कोठे सावली हे शून्य ते एक या आकड्यांत सांगणारे चित्र, तिसऱ्या थरात स्वतंत्र बनवायचा. शेवटी जोडणीच्या वेळी सूर्याच्या थराला मास्कने गुणायचे आणि त्यात आकाशाचा थर मिळवायचा. ब्लेंडरमध्ये २०२२ सालच्या ३.२ या आवृत्तीपासून लाइट ग्रुपची सोय असल्याने हे थर वेगळे निघतात. जेथे मास्क शून्य, तेथे सूर्याबरोबर पऱ्हाटीची सावलीही जाते. पडद्यावर बोट ठेवणाऱ्या त्या काकांच्या भाषेत ती “मरते”, आणि कोणतीही खास युक्ती न करता मरते.

या पद्धतीचा दोषही माहीत होता. सूर्याच्या थरात सूर्याचे परावर्तित ऊनही असते. गुणाकार जागच्या जागी होत असल्याने, ढगाच्या सावलीबाहेरच्या उन्हातून उसळून सावलीत येणारा उजेड चुकीने कापला जातो आणि उलटही घडते. आमच्या बाजूने एक गोष्ट होती, जमीन. काळी कसदार जमीन तिच्यावर पडलेल्या उन्हाचा जेमतेम दहावा हिस्सा परत फेकते. जेथे उसळणारा उजेडच थोडा, तेथे त्यातली चूक डोळ्यांना दिसत नाही. कोकणातल्या वाळूवर किंवा चुन्याने रंगवलेल्या वाड्याच्या अंगणात मी हा निर्णय इतक्या सहज घेतला नसता.

निर्णय आणि प्रत्यक्ष काम

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात थरांचा निर्णय झाला. पण मास्क पक्का करण्याआधी एक दिवस स्टुडिओला कुलूप लावून आम्ही तिघे वावरात गेलो. उघडीप होती आणि ढग सुटे सुटे होते. दोन धुऱ्यांमधले ४०० मीटर अंतर मोबाइलवरच्या नकाशावर मोजले, एक जण या धुऱ्यावर आणि एक त्या धुऱ्यावर उभा राहिला आणि सावलीचा काठ पोचला की फोनवर सांगायचे ठरले. पाच-सहा ढगांचा वेळ घेतला. बहुतेकांना ५० सेकंदांच्या आसपास लागले, म्हणजे सेकंदाला आठ मीटर. सूर्यकिरण जवळजवळ समांतर असल्याने सपाट जमिनीवर ढगाची सावली ढगाच्याच वेगाने चालते, त्यामुळे वर पाहून वेगळे काही मोजायची गरज नव्हती. खालचे ढग पश्चिमेकडून येत होते. वर, फार उंचावर, पिसांसारखे विरळ ढग नेमके उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसले. पावसाळ्यात खालचा वारा पश्चिमेचा आणि १४-१५ किलोमीटरवरचा जोराचा प्रवाह पूर्वेचा, हे पुस्तकात वाचलेले होते. एकाच आभाळात दोन्ही पाहिले ते त्या दिवशी.

त्याच दिवशी कडुनिंबाखाली उभे असताना आणखी एक गोष्ट दिसली. दुपार होती, ऊन पश्चिमेकडून तिरपे येत होते आणि सावलीही पश्चिमेकडूनच आली. ती आधी झाडाच्या बुंध्यावर आली. शेंडा अजून उन्हात चमकत होता. दोनेक सेकंदांनी ऊन वर सरकत सरकत शेंड्यावरूनही गेले. हिशेब सरळ आहे. १२ मीटर उंचीच्या शेंड्यातून जाणारा किरण जमिनीला १५ मीटर पूर्वेला टेकतो, त्यामुळे सावलीला शेंड्यापर्यंत पोचायला तेवढे अंतर जास्त चालावे लागते. सकाळी, सूर्य पूर्वेला असताना, हेच उलट होऊन शेंडा आधी झाकोळेल. आमचा पहिला मास्क वरून सरळ खाली पाडलेला होता आणि त्यात अख्खे झाड एकदम विझत होते. तो बदलून मास्क उन्हाच्या तिरप्या दिशेने पाडला. बांध आणि नाला यांच्या दोन-तीन मीटरच्या चढउताराने काही फरक पडत नव्हता. झाडाने मात्र सारे दृश्य जिवंत केले.

मास्क कसा काढायचा, यावर एकदा मागे यावे लागले. प्रत्येक बिंदूचे स्थान सांगणारा पास, म्हणजे रेंडरबरोबर निघणारा माहितीचा वेगळा थर, घेऊन जोडणीतच मास्क मोजायचा, असे आधी ठरले होते. त्यासाठी पुन्हा काहीच रेंडर करावे लागले नसते. पण पानाच्या कडेवर, जेथे एकाच पिक्सेलमध्ये जवळचे पान आणि दूरचे वावर दोन्ही येतात, तेथे स्थानाचा आकडा निरर्थक होतो. पानांभोवती उजळ आणि काळ्या सुतासारख्या कडा दिसू लागल्या. म्हणून मास्क प्रत्येक मटेरियलच्या (वस्तूच्या पृष्ठभागाचा रंग-पोत ठरवणाऱ्या मांडणीच्या) आतच मोजून वेगळ्या पासमध्ये बाहेर काढला, आणि त्यासाठी दिवे बंद ठेवलेली, थोड्या सॅम्पलची (प्रत्येक बिंदूसाठी सोडलेल्या किरणांची) एक हलकी प्रत चालवली. तिला एका फ्रेमला बारा सेकंद लागत, सगळ्या ११ दृश्यांना मिळून साधारण नऊ तास. ढग बदलायचा असेल तर रात्री लावून ठेवायचे, सकाळी तयार. सर्व मटेरियलवर एकच मास्कचे मटेरियल चढवण्याचा आडमार्गही आहे, पण तसे केल्यास पानांचे कापलेले आकार जाऊन चौकोनी पत्रे उरतात. म्हणून प्रत्येक मटेरियल हाताने जोडले. त्यात विजेचा खांब राहून गेला. एका दृश्यात सगळे वावर झाकोळले आणि खांब एकटा ऊन खात उभा राहिला, तेव्हा ते लक्षात आले.

आकाशात दिसणारा ढग आणि वावरात पडणारी त्याची सावली जुळवण्यात दोन दिवस गेले. ते जायला नको होते. हजार मीटरवरच्या ढगाची सावली ३९ अंशांच्या उन्हात सव्वा किलोमीटर पूर्वेला पडते. आपल्या वावरावर सावली टाकणारा ढग पश्चिमेला, सूर्याच्या बाजूला असतो. आमचा कॅमेरा बहुतेक दृश्यांत पूर्वेकडे पाहत होता, म्हणजे तो ढग चित्रात दिसणेच शक्य नव्हते. जुळवणी सोडून दिली आणि फक्त ढगांची दिशा व वेग दोन्हीकडे सारखे ठेवले.

वेगाबाबत मात्र उत्पादक कंपनीच्या लोकांशी वाद झाला. सेकंदाला आठ मीटर या वेगाने दहा-बारा सेकंदांत सावली शंभर मीटरच्याही आत राहते. त्यांना एकाच दृश्यात ऊन, सावली आणि पुन्हा ऊन हवे होते. वेग दुप्पट केला तर घड्याळ पळवल्यासारखे दिसत होते. अखेर वेग दहा मीटर ठेवला, कॅमेरा खाली आणून वावराचा थोडाच भाग चौकटीत घेतला आणि सावलीचा काठ दृश्याच्या सुरुवातीलाच वावराच्या मध्यावर आणून ठेवला. पुन्हा ऊन पडताना दाखवण्यासाठी वेगळे दृश्य कापले. मास्क स्वतंत्र असल्याने हे सगळे एका बैठकीत करून पाहता आले.

परिणाम

रेंडर वीजपुरवठ्याच्या तालावर चालले. फ्रेम सुट्या फाइल म्हणून साठवल्या होत्या, त्यामुळे वीज गेली तरी आधीचे काम वाया जात नव्हते. पण झालेली फ्रेम पुन्हा करू नये आणि चालू फ्रेमसाठी आधीच रिकामी फाइल तयार करावी, असे दोन्ही पर्याय निवडलेले होते. वीज जाताना जी फ्रेम चालू असे तिची शून्य आकाराची फाइल मागे राही, आणि पुढच्या वेळी संगणक तिला झालेली समजून पुढे जाई. जोडणी करताना अशा २३ फ्रेम गायब निघाल्या. शून्य आकाराच्या फाइल शोधून पुसल्या आणि तेवढ्याच पुन्हा लावल्या.

दाणेदारपणा काढतानाही एक धडा मिळाला. ब्लेंडरचा नेहमीचा डीनॉइझर पूर्ण चित्रावर चालतो, लाइट ग्रुपचे थर तसेच खरखरीत राहतात. त्यामुळे सूर्याचा आणि आकाशाचा थर जोडणीत वेगवेगळे स्वच्छ करावे लागले. सूर्याचा थर मुळातच स्वच्छ होता. आकाशाच्या थरात, झाडांच्या बुडाशी, चलचित्रात उकळल्यासारखी हालचाल दिसत होती, म्हणून सॅम्पल वाढवले आणि फ्रेमचा वेळ मिनिटभर वाढू दिला.

दहा दृश्ये अपेक्षेप्रमाणे झाली. अकरावे गोठ्याचे होते, चुन्याने रंगवलेल्या भिंतीचे. तेथे आधी सांगितलेला दोष उघडा पडला. अंगण सावलीत गेले तरी उन्हातल्या पांढऱ्या भिंतीवरून उसळणारा उजेड त्यावर यायला हवा होता, आणि गुणाकाराने तो कापला जात होता. अंगण मातकट, मेल्यासारखे दिसत होते. हे एक दृश्य शेवटी जुन्या पडद्याच्या पद्धतीने, पडदा खऱ्या उंचीवर नेऊन आणि आकाशाचा उजेड वेगळा रेंडर करून, पूर्ण नव्याने केले. त्याला चार रात्री लागल्या.

१२ ऑगस्टला ग्रामपंचायतीच्या सभागृहात चाचणी घेतली. सकाळी अकराची वेळ, खिडक्यांना पडदे नाहीत आणि प्रोजेक्टर जुना. काळी जमीन, पऱ्हाटी आणि सावली यांचा एकच राखाडी पट्टा झाला. आम्ही हिशेबाने बसवलेला उन्हाचा आणि सावलीचा पाचास एक हा फरक त्या भिंतीवर पोचलाच नाही. आकाशाचा थर उचलून तो तिनास एकवर आणला आणि सगळे चित्र एका पायरीने उजळले. सूर्याला हात लावावा लागला नाही. हे काम एका संध्याकाळी झाले. मोबाइलवर पाठवायची प्रत मात्र पहिल्या प्रमाणातच ठेवली.

ग्रामसभेत लघुपट दाखवला गेला. नंतरची चर्चा तासभर चालली. ती सगळी शेततळे कोणाच्या वावरात जाणार यावर होती. सावलीचा विषय कोणी काढला नाही. खुर्ची ओढून स्क्रीनजवळ गेलेले काका मागच्या रांगेत बसले होते. उघडीपीच्या दृश्यात त्यांनी एकदा मान हलवली, एवढेच मी पाहिले.

आज पुन्हा करायचे झाल्यास

धुऱ्यावर उभे राहून सावली मोजण्याचा दिवस जुलैच्या मध्याऐवजी कामाच्या पहिल्या आठवड्यात घेतला असता, तर पडद्याचे तीन दिवस आणि ढग जुळवण्याचे दोन दिवस वाचले असते. त्या मोजणीला घड्याळ आणि मोबाइल यांखेरीज काही लागत नाही.

सूर्य आणि आकाश वेगळ्या थरांत ठेवण्याचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन, पण आधी दृश्यांची यादी पाहून पांढरी भिंत, पाण्याचा पृष्ठभाग किंवा पत्र्याचे छप्पर असलेली दृश्ये पहिल्याच दिवशी बाजूला काढीन. गोठ्याचे दृश्य शेवटच्या आठवड्यात निघाले नसते तर त्याच्या चार रात्री अंगावर आल्या नसत्या.

शेततळ्याच्या पाण्याबाबत आम्ही नशीबवान ठरलो. पाण्यात उन्हातल्या काठाचे आणि झाडांचे प्रतिबिंब असते आणि ते सूर्याच्या थरातच येते. ढग आल्यावर ते किती विझावे हे पाण्याच्या जागी ऊन आहे की सावली यावर नाही, तर प्रतिबिंबात दिसणाऱ्या जागी काय आहे यावर अवलंबून असते. आमच्या शेततळ्याच्या दृश्यांत पूर्ण ऊनच होते, म्हणून हा प्रश्न आला नाही. पुढच्या कामात ढगाची सावली तळ्यावरून न्यायची असल्यास पाणी स्वतंत्र रेंडर करावे लागेल, असे आत्ता तरी वाटते.

प्रोजेक्टरची चाचणी तीन दिवस आधी घेतली, ती तीन आठवडे आधी घ्यायला हवी होती. आणि रिकाम्या फाइल तयार करण्याचा पर्याय, जेथे दिवसातून चार वेळा वीज जाते तेथे, सुरुवातीपासून बंद ठेवावा.